गप्प राहिलेल्यांचा सुरुंग

गहू दुधात आला की माझं डोकं ठणकायला लागतं. सून म्हणते ऊन लागलं. डॉक्टर म्हणतो चष्मा बदला. दोघांनाही मी काही सांगत नाही. ओंबी बोटात चेपली की पांढरं दूध निघतं, त्या दिवसांत, माघातल्या कोरड्या दुपारी, वाऱ्यावर एक गोडसर वास येतो, उतरत चाललेल्या केळ्यासारखा, आणि कपाळाच्या आतून कोणी घण घालतं. हा वास आता येणं शक्य नाही, हे मला कळतं. मी चौथी नापास आहे, वेडा नाही.

तो वास लतीफ मिस्त्रीच्या कांड्यांचा होता. लतीफ सोनगीरचा. कांप्रेसरचा ट्रॅक्टर घेऊन गावोगाव विहिरींचे सुरुंग लावायचा. जिलेटिनच्या कांड्या हाताळल्या की माणसाचं डोकं दुखतं, तीन-तीन दिवस दुखतं. त्या वर्षी आमच्या तीन गावांत अर्ध्या माणसांनी डोक्याला फडकं बांधलेलं होतं. ज्यांनी कांडीला हात लावला नव्हता, त्यांनीसुद्धा.

आमच्याकडे पांझरा नदीच्या काठाला फडाचं पाणी. फड म्हणजे शिवाराचा एक मोठा तुकडा. त्यात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, आणि पाटाचं पाणी पाळीपाळीनं. तुझा गहू, माझा ऊस असला चावटपणा चालत नाही. आमच्या तीन गावांना मिळून एक पाट. मोठं गाव उत्तमभाऊचं. मधलं माझं. आणि नदीत वर, सगळ्यात आधी लागतं ते धाकलं गाव, दगडूनानाचं. त्याच्याही वर आणखी एक गाव आहे. त्याचं नाव मी आजही घेत नाही. वरचं गाव म्हणतो.

वरच्या गावानं त्या साली नदीत नवा बांध घातला. दगडमातीचा, पुरुषभर उंचीचा, मध्ये लाकडी दार. आणि आमचा गहू शेवटचं पाणी मागत असताना दार उघडायला नाही म्हणाले. तालुक्याला जावं, तर त्यांच्या बांधाला परवानगी नव्हती आणि आमच्या पाटालाही कागद नव्हता, बापजाद्यांपासून वाहत होता एवढंच. तेव्हा दोन्हीकडून कोणी तालुक्याला गेलं नाही.

मग आमची एकी झाली. तीन गावं, तीन माणसं बोलणारी. आमच्या एकीची रीत जुनी आहे, ती सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. पाटाच्या तोंडाशी कडुलिंबाखाली बसायचं. प्रत्येक गावाच्या माणसापुढे पळसाच्या पानावर एक सुपारी. बोलणं सगळं झालं की मोठ्या गावाचा माणूस विचारणार, कोणाला काही सांगायचं आहे का? तीनदा विचारणार. ज्याला मान्य नाही त्यानं आपली सुपारी उचलायची. एकानंही उचलली तर काम बंद. कोणीच उचलली नाही तर झालं. हात वर करायचे नाहीत, डोकी मोजायची नाहीत. मोजलं की दोन बाजू होतात, आणि बाजू झाल्या की पाटाचं पाणी रक्तानं गढूळ होतं. आमच्या रीतीत कोणी कधी हो म्हणत नाही. फक्त नाही म्हणणारा दिसतो. हे किती शहाणपणाचं आहे असं मला तेव्हा वाटायचं.

पहिल्या बैठकीत ठरलं, बांधात सुरुंग भरायचा. उडवायचा नाही, भरून ठेवायचा. वरच्या गावानं बघावा आणि दार उघडावं. हे मी मांडलं होतं. आजही म्हणतो, तेवढं बरोबर होतं. माणसाच्या हातात काही दिसल्याशिवाय समोरचा ऐकत नाही.

बांधाचं एक टोक धाकल्या गावाच्या जमिनीत टेकलेलं होतं. तिथून भोकं पाडली, भर दुपारी, सगळ्यांच्या डोळ्यादेखत. पलीकडच्या टोकाला वरच्या गावची माणसं उभी. आमची माणसं काठ्या घेऊन अलीकडे. कोणी शिवी दिली नाही, कोणी ढेकूळ फेकलं नाही. कांप्रेसरचा आवाज थांबला तेव्हा असं शांत झालं की बांधामागचं साचलेलं पाणी काठाला चाटतंय ते ऐकू यायला लागलं. लतीफ एकेक कांडी आत सरकवत होता, आजारी माणसाला घास भरवावा तसा. एक कांडी त्यानं उन्हात धरून मला दाखवली. तिच्या अंगावर बारीक थेंब आले होते.

“देखो भिकाभाऊ,” तो म्हणाला. “इसको पसीना आता है.”

“पुसी टाक ना मंग,” मी म्हणालो.

“पसीना पोंछने की चीज नहीं ये. पसीना आया तो समझो मिजाज बिगडा.” आणि त्यानं ती तशीच आत सरकवली. भोकांची तोंडं चिकणमातीनं लिंपली. वात तेवढी बाहेर, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून, दगडाखाली.

त्या बांधाच्या बरोबर पायथ्याशी, कोरड्या पडलेल्या नदीत, सुमनची डांगरवाडी होती. सुमन म्हणजे दगडूनानाची लेक. शिंदखेड्याकडे दिलेली, पण नवरा-बायको दर हिवाळ्यात नदीत टरबुजाच्या वाड्या लावायला बापाच्या गावी येत. वाळूत चर खणायचे, शेणखत घालायचं, झिऱ्याचं, म्हणजे वाळूत खड्डा करून झिरपलेलं पाणी डब्यानं घालायचं. त्या साली नदी लवकर आटली म्हणून त्यांची वाडी अगदी बांधाला भिडली होती. पाचटाची झोपडी, चूल, दोन लेकरं. बांध उडाला असता तर मागचं सगळं पाणी पहिल्यांदा त्या झोपडीवर पडलं असतं. हे तिन्ही गावांना माहीत होतं. कोणी बोललं नाही.

नाना सोडून. नानानं पहिल्या बैठकीतच सांगितलं होतं, “भरा. पन उडावानी गोष्ट निंघनी ते मनी सुपारी मी उचलसू. मनी अंडेर त्याना खाले ऱ्हास.” माझी लेक त्याच्याखाली राहते. नानाचा शब्द म्हणजे शब्द. आम्हा दोघांना बरं वाटलं. उत्तमभाऊला धमकी हवी होती आणि मला पाणी हवं होतं, आणि वेळ आलीच तर नाना थांबवणार होता.

दगडूनाना तरुणपणी धुळ्याला गिरणीत होता. तिथं वाचायला शिकला आणि रेडिओचा नाद लावून घेतला. संध्याकाळी तो ओट्यावर बसे, रेडिओ कानाजवळ, विलायतेहून येणाऱ्या हिंदी बातम्या ऐकत. मी पाटावरून येताना त्याच्याकडे टेकायचो. त्या हिवाळ्यात रोज एकच बातमी. समुद्रापलीकडे गोऱ्या देशांची एक मोठी एकी आहे, रशियाच्या विरोधात. तिथं अमेरिकेचे नवे अणुबॉम्बचे बाण येऊन बसत होते, दुसऱ्यांच्या जमिनीत. त्या देशांचे मंत्री एका टेबलाशी बसत आणि ठरवत.

“कसं ठरावतस त्या?” मी एकदा विचारलं. मला वाटलं तिथं तरी हात वर करत असतील.

नाना हसला. “तुले मजा सांगू? हात वर करतच नहीत. आपलासारखंच शे. कोनी नाही म्हनं नही ते झायं.”

“आनी सुपारी?”

“सुपारी नही. कागद ऱ्हास. कागद फिरावतस. ठरायेल येळमा कोनी बोलनं नही ते बठ्ठासले मान्य.” बठ्ठा म्हणजे सगळे.

मग त्यानं सगळं सांगितलं, एखाद्या लग्नातलं मानपान सांगावं तसं. बॉम्ब मोठ्या भावाचा. जमीन धाकल्याची. काही ठिकाणी विमानही धाकल्याचं, पण कुलूप मोठ्याचं. फ्रान्स नावाचा एक भाऊ एकीत आहे, पण बॉम्बच्या टेबलावर बसत नाही. म्हणतो, माझा माझ्यापाशी आहे, मी कोणाला विचारणार नाही. आणि डेन्मार्क म्हणून एक चिमुकला आहे. तो ठराव मोडत नाही, पण कागदाच्या खाली बारीक अक्षरात लिहून ठेवायला लावतो की हे आम्हाला पटलेलं नाही. नानाला तो डेन्मार्क फार आवडायचा. त्याचं नाव घेताना तो मिशीवरून हात फिरवायचा.

“खाले लिखीसन काय व्हस?” मी म्हणालो. “बॉम्ब काय खालनं वाचीसन पडस का?”

“वाचत नही. पन मांगून कोनी इचारं, बठ्ठा हाव म्हनेत का, ते एक जागा ऱ्हास दखाडाले.”

“तुले काय वाटस, त्या फोडतीन?”

नानानं रेडिओची सुई फिरवून बघितली. रेडिओत नुसती खरखर. समोर नदी काळी पडत चाललेली, आणि बांधाच्या पायथ्याशी सुमनची चूल पेटलेली दिसत होती. मग तो म्हणाला, “भिका, माले त्या फोडनारासनी भीती नही वाटस. त्या टेबलवर जेबी बसेल शेतस ना, तो प्रत्येक मानूस मनमा म्हनस, मी कसाले बोलू, तो दुसरा बोली. बठ्ठा त्या दुसराकडे दखतस. माले त्या दुसरानी भीती वाटस.”

मी तेव्हा ते बोलणं चहाबरोबर गिळून टाकलं.

गहू दुधात आला आणि पानं पिवळी पडायला लागली. वरच्या गावानं दार उघडलं नाही. सुरुंग भरलेला बघून बघून त्यांना त्याची सवय झाली. त्यांची गुरं बांधावरून चालत जायची. सुमन वात ठेवलेल्या दगडाशेजारी धुणं वाळत घालायची. पक्षी मात्र त्या टोकाला बसेनात, हे मी स्वतः बघितलं. बगळे दुसऱ्या टोकाला ओळीनं, आणि इकडे मोकळी जागा. कोणाला सांगितलं तर हसतील म्हणून बोललो नाही.

शेवटी उत्तमभाऊनं बैठक बोलावली. उडवायचं की नाही, ते ठरवायला. दुपारची वेळ. लिंबाची पानं गळत आलेली, सावली विरळ. लतीफ ट्रॅक्टर घेऊन आला होता आणि सावलीच्या बाहेर, चाकाला टेकून बसला होता. नाना बुंध्याला पाठ लावून बसला, उपरणं कपाळावर ओढून, रेडिओ मांडीत, हळू आवाजात चालू. मी म्हणालो, “नाना, बंद कर तो.” नानानं बोट हलवलं, म्हणजे राहू दे.

उत्तमभाऊ बोलला. गहू गेला तर तिन्ही गावं काय खातील, ते बोलला. धमकी देऊन मागे हटलो तर पुढच्या वर्षी वरचं गाव पिण्याचं पाणीही अडवील, असं बोलला. त्याचं चुकत नव्हतं. पण त्याचा आवाज मोठा होता आणि डोळे नानाकडे होते. तो नानाला थांबवायला सांगत होता, तोंडानं मात्र उडवा म्हणत होता. मीही नानाकडे बघत होतो.

“कोनले काही सांगनं शे का?”

रेडिओची खरखर.

“कोनले काही सांगनं शे का?”

लतीफनं ट्रॅक्टरच्या चाकावरून पाठ काढली आणि सरळ बसला.

तिसऱ्यांदा विचारताना उत्तमभाऊचा आवाज बारीक झाला होता. नानाची सुपारी पानावर होती तशी होती. माझी होती तशी होती. कुठं तरी गव्हात होला घुमत होता, तोही थांबला. झालं. ठराव झाला. उत्तमभाऊच्या तोंडावर घाम आला, त्या कांडीसारखा. आम्हा दोघांनाही जे नको होतं, ते ठरलं होतं.

“नाना,” उत्तमभाऊ चिडून म्हणाला, “आसं कसं करं तुम्ही? उठा आते.”

नाना उठला नाही. मी त्याचं उपरणं सारलं. डोळे अर्धे उघडे, नदीकडे. हात धरून बघितला, हात गरम होता. उन्हानं. ऊन जिवंत-मेलेला बघत नाही, दोघांनाही सारखं तापवतं. त्यामुळे तो कधी गेला ते आजपर्यंत कोणाला कळलेलं नाही. पहिल्यांदा विचारलं त्याआधी, की तिसऱ्या विचारण्यानंतर. मेलेला होता म्हणून गप्प राहिला, की गप्प राहून मग मेला. त्याचं बोट हलताना मी पाहिलं होतं, तेव्हा तर होता. की रेडिओच्या थरथरीनं हललं?

“ठराव ते झाया,” उत्तमभाऊ पुटपुटला. मला वाटतं त्याला स्वतःलाच कळत नव्हतं तो काय बोलतोय.

“मरेल मानूसनी सुपारी मोजस का तू?” मी ओरडलो.

“तीनदा इचारं मी. रीत ती रीत.”

“तुनी रीत गई खड्डामा!”

लतीफ उठून जवळ आला होता. तो नानापुढे उकिडवा बसला, त्याचे डोळे मिटले, आणि आमच्या दोघांकडे बघून हळूच म्हणाला, “तुम झगडो. पर मुझे एक बात बताओ, बत्ती मैं किसके कहने पे लगाऊं? तुमने हां बोला, भिकाभाऊ? उत्तमभाऊ, तुमने? यहां तो किसीने हां बोलाच नहीं.”

तेवढ्यात सुमन आली. कोणीतरी बांधावरून तिला हाक मारली असणार. ती वाडीतून निघाली, बांध चढली, आणि त्याच टोकावरून, लिंपलेल्या भोकांवरून अनवाणी चालत आली. आम्ही तिघं श्वास धरून बघत होतो. ती बापाजवळ बसली. रडली नाही लगेच. त्याच्या मांडीतला रेडिओ तिनं बंद केला. मग माझ्याकडे बघून विचारलं, “आबा, नाना शेवटले काय म्हनेत?”

तिला माहीत नव्हतं बैठक कशाची होती. तिला वाटलं पाण्याच्या पाळीची. तिची लेकरं त्या क्षणी खाली टरबुजाच्या वेलांना डब्यानं पाणी घालत होती, आणि ठराव झालेला होता.

मी म्हणालो, “नाना नको म्हनेत.”

उत्तमभाऊकडे वळून मी थांबलो. त्यानं सांगावं की हे खोटं आहे. तो जमिनीकडे बघत राहिला. लतीफनं काडीपेटी खिशात घातली. कोणी मला खोटं बोललास म्हणालं तर म्हणो. मला अजून ते खोटं वाटत नाही.

नदीत पाणी नव्हतं. तिसऱ्या दिवशी राख सावडली, आता ती सोडायची कुठं? वाळूत? झिऱ्याच्या डबक्यात? वरच्या गावात ही गोष्ट पोहोचली. त्यांच्याकडून एक म्हातारा आला, काठी टेकत, आमच्यातल्या कोणाशी न बोलता सुमनशी बोलला. “वाडीमाधलं सामान वर काढी ले, माय. आमीन दार उघाडतस. दगडू कोरडा जावाले नको.” आणि त्यांनी दार उघडलं. पाणी हळूहळू आलं, वाळू पीत पीत, फेस घेऊन, आणि नानाला घेऊन गेलं. मग ते दार कोणी लावलं नाही. पाणी पाटात शिरलं. गव्हाला मिळालं.

त्यावर तिन्ही गावांत आजही दोन मतं आहेत. उत्तमभाऊ म्हणतो, सुरुंग होता म्हणून उघडलं, राखेचं निमित्त. सुमन म्हणते, तिच्या बापानं पाणी आणलं. वरच्या गावाला विचारावं तर ते म्हणतात, आम्ही उघडणारच होतो. न झालेल्या गोष्टीचं कारण कसं शोधायचं? रेडिओवर मी पुढे ऐकलं, त्या गोऱ्यांच्या एकीतही हाच वाद आहे. बॉम्ब होते म्हणून लढाई झाली नाही, की होणारच नव्हती. नानाच्या माघारी त्याचा रेडिओ मी मागून घेतला होता. काही वर्षांनी बातमी आली की त्यांनी ते नवे बाण काढून टाकले, रशियानंही आपले काढले. सगळे नाहीत. काही जुने बॉम्ब अजून तसेच, दुसऱ्यांच्या जमिनीत, कुलपात. ते ऐकलं आणि मी ओट्यावरच बसून राहिलो.

आमचा सुरुंग आम्ही काढला नव्हता.

काढणार कसा? काढायलाही बैठक लागते. नानाच्या गावानं त्याच्या जागी कोणालाच बसवलं नाही. त्या जागेवर बसायला माणूस तयार होईना. दोन सुपाऱ्यांची बैठक होत नाही. लतीफनं स्वच्छ सांगितलं होतं, “डालने का हुक्म तीन गांव का था. निकालने का भी तीन का लाओ.” एक हिवाळा गेला, दुसरा गेला. वात कुजली. वर गवत उगवलं. भोकं नेमकी कुठं आणि ती अजून भरलेली आहेत, हे फक्त आम्हा चारपाच जणांना माहीत; बाकीच्यांना, सुमनलाही, वाटत होतं की पाणी सुटल्यावर सगळं काढलं. पावसात ओल धरून ते मेलं असेल, की आत घाम येऊन येऊन बिघडलं असेल, लतीफलाही सांगता येईना. आणि सुमन दर हिवाळ्यात येते, बांधाच्या पायथ्याशी वाडी लावते. माती तिथं चांगली आहे म्हणते. पहिलं टरबूज मला आणून देते. मी ते कापतो, आणि डोकं ठणकायला लागतं.

यंदा गहू दुधात आला तेव्हा सुमनच्या झोपडीपुढे तिच्या थोरल्या मुलीचं रांगतं लेकरू बघितलं. बांधाच्या उतारावर दोन्ही हात टेकून चढत होतं. मी तिथूनच परत फिरलो. मोठ्या गावात जाऊन उत्तमभाऊला उठवलं, तो आता काठीवर चालतो. सोनगीरला लतीफकडे माणूस पाठवला. आणि सुमनला जाऊन सगळं सांगितलं. त्या दुपारचा ठराव, अजून भरलेली भोकं, तिच्या बापाची सुपारी, माझं नको. ती वेलांना माती लावत होती. हात थांबले नाहीत तिचे. ऐकून झाल्यावर म्हणाली, “इतला वरीस मी त्याना खाले झोपस?”

“हाव.”

“आनी तुम्ही टरबूज खातस.”

मी तिच्याशेजारी वाळूत बसलो.

मग मी म्हणालो, “नानानी जागावर तू बस.” बाई कधी त्या लिंबाखाली बसलेली नाही. मला तिन्ही गावांनी नावं ठेवली तर ठेवोत.

काल दुपारी बैठक झाली. पळसाची पानं, तीन सुपाऱ्या. लेकरं आणि भांडी वर काढलेली. लतीफ मिस्त्री पाण्याच्या पाइपाची गुंडाळी आणि लाकडी गज घेऊन बसलेला. सांगत होता, लोखंड लावायचं नाही, पाणी मारून मारून धुऊन काढायचं. उत्तमभाऊनं विचारलं, “काढानं शे. कोनले काही सांगनं शे का?” सुमन बुंध्याला टेकून, डोक्यावर पदर, खाली बघत बसली होती. अगदी तशीच. मी तिच्या पदराकडे बघत राहिलो, तो हलतोय का.

दुसऱ्यांदा विचारायला उत्तमभाऊनं तोंड उघडलं तेव्हा मी त्याचा हात धरला.

“तीनदा नको,” मी म्हणालो. “आसं नही आते. तोंडघाई बोला, हाव का नही. एकेक जन. उत्तम, पहिले तू.”

त्याला फार जड गेलं. सत्तरी ओलांडलेला माणूस, जन्मात त्या लिंबाखाली त्यानं हो म्हटलेलं नव्हतं. शेवटी म्हणाला. मग मी म्हणालो. माझाही आवाज मला ओळखू आला नाही.

सुमननं मान वर केली, नदीकडे बघितलं, बांधाकडे बघितलं.

“काढा,” ती म्हणाली.

लतीफ उठला, पाइपाची गुंडाळी आणि लाकडी गज खांद्यावर टाकला, आणि एकटाच बांधाकडे चालायला लागला.